दोन पन्नासचा फोन

तिला घरीदारी सगळे ‘चौकशी’ म्हणत. नाव बाबांनीच पाडलेलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि शाळेत जायच्या आधीपासून ती तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना विचारायची, “तुम्हाला लांबचं दिसत नाही की जवळचं? कधीपासून? मग आजवर कसं निभावलंत?” बाबा एकदा म्हणाले, “ही पोरगी नाही, चौकशीची खिडकी आहे,” आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती सातवीत होती तेव्हा ‘आपल्या गावाचा इतिहास’ अशी एक आंतरशालेय स्पर्धा निघाली. तिघातिघांचे गट. विषय गावातला हवा, एक तरी अस्सल कागद स्वतः पाहिलेला हवा आणि एका तरी जिवंत माणसाची मुलाखत हवी. इंटरनेटवरून उतरवलेलं चालणार नाही, ही ओळ इतिहासाच्या बाईंनी दोनदा वाचली आणि मागच्या बाकांकडे बघून तिसऱ्यांदाही वाचली.

चौकशीच्या गटात मुंगी आणि वकील होते. मुंगी अंगापिंडाने एवढीशी, अक्षर मात्र छापल्यासारखं. वकील हा शेजारच्या बाकावरचा मुलगा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी “कशावरून?” म्हणणारा. विषय ठरायला वेळ लागला नाही. चौकातल्या दगडी खांबाभोवती ते लहानपणापासून लपाछपी खेळत आले होते, राज्य घेणारा त्या खांबाला डोकं टेकून शंभर आकडे मोजायचा. खांबावर सव्वीस नावं होती. बेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी वरच्या तलावाचा बांध फुटला आणि खालची आळी पाण्याखाली गेली, त्यात गेलेल्यांची.

वाचनालयात गावाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका मिळाली. तीत तलावावर दीड पान होतं. त्यातलं एक वाक्य मुंगीने वहीत उतरवून घेतलं: ‘दुर्दैवाने त्या वेळी टेलिफोन ऑपरेटर जागेवर नसल्याने धोक्याचा भोंगा वाजू शकला नाही.’

“ही ऑपरेटर कोण होती?” वकिलाने विचारलं. “जिवंत असली तर आपली मुलाखत तीच.”

चौकशीने त्या रात्री जेवताना घरी हेच विचारलं. ताटावर चौघं होती. आई, जी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, बाबा, ती स्वतः आणि बाबांची आत्या. आत्याआजी या घरात पहिल्यापासून होती. बाबांची आई ते चार वर्षांचे असताना गेली, वडील नोकरीपायी दूरच्या शहरात आणि पुढे तिथेच वारले. बाबांना वाढवलं ते या आत्यानेच, शाळांचे गणवेश शिवून. तिने लग्न केलं नाही. आपली आजी तलावाच्या पाण्यात गेली एवढं चौकशीला ठाऊक होतं, पण घरात त्यावर कुणी बोलत नसे.

“त्या टेलिफोन ऑपरेटरचं पुढे काय झालं कुणाला माहीत आहे का?” चौकशी म्हणाली. “ती जागेवर नव्हती म्हणे.”

बाबांचा हात ताटातच थांबला. आईने पाण्याचा तांब्या उगाच उचलून परत ठेवला.

“ती मी,” आत्याआजी म्हणाली. “भाजी हवी का आणखी?”

*

मुलाखतीला बाबांचा सक्त विरोध होता. “कशाला खपली काढायची? लोक विसरलेत. निम्म्या गावाला तर माहीतही नाही ती तू होतीस म्हणून.”

“लोक विसरलेत, मी कुठे विसरलेय?” आत्याआजी म्हणाली. “बेचाळीस वर्षांत मला कुणी धड विचारलं नाही बघ. पोरं विचारतायत तर सांगू दे.”

तीन शनिवार ती तिघं तिच्यापुढे सतरंजीवर बसली. मधे वकिलाच्या आईचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला. आत्याआजी खुर्चीत पाठ न टेकता बसायची. कानावरची बट सारखी मागे सारायची, जणू तिथे अजून ते हेडफोन अडकवलेले आहेत.

“एक्स्चेंज वरच्या अंगाला होतं, पोस्टाच्या माडीवर,” तिने सांगितलं. “समोर हा एवढा बोर्ड. गावात सगळे मिळून एकशे बारा फोन. कुणाला कुणाशी बोलायचं असलं की आधी मला सांगायचं, मग मी दोरी एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात खुपसायची. आम्ही दोघी होतो. त्या दिवशी दुसरी रजेवर होती. दोन वाजून दहा मिनिटांनी तलावावरच्या चौकीदाराचा फोन आला. म्हणाला, ताई, बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय, माती सुटायला लागलीय, साहेबांना सांगा. मी लगेच इंजिनिअर साहेबांच्या घरी जोडला. साहेब जेवून आडवे झाले होते. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला दर वर्षी बांध फुटताना दिसतो. बघतो मी.”

“मग?” तिघांनी एकदमच विचारलं.

“मग मी बंबवाल्यांना लावला. भोंगा त्यांच्याकडे होता ना. ते म्हणाले, साहेबांचा हुकूम आणा. आदल्या वर्षी कुणीतरी विनाकारण भोंगा वाजवला होता, त्याची नोकरी गेली होती. मी पुन्हा साहेबांना लावला. ते खेकसले. तिसऱ्यांदा बाईसाहेबांनी उचलला. म्हणाल्या, हे गाडी काढतायत, स्वतः जाऊन बघून येतो म्हणालेत, तोवर कुठे बोलू नका, उगाच चेंगराचेंगरी व्हायची. दोन एकतीस झाले होते.”

“आणि तुम्ही थांबलात?” वकिलाने विचारलं.

“थांबेन कशी? खालच्या आळीत फोनच मुळी नऊ. औषधवाल्याकडे, शाळेत, लाकडाच्या वखारीत, असे. मी एकेकाला लावला आणि सांगितलं, निघा, शेजाऱ्यांना सांगा, निघा. दोघांनी मला वेड्यात काढलं. बाकीचे निघाले बहुतेक. ते संपवलं तेव्हा पावणेतीन होऊन गेले होते.”

तिने कानावरची बट मागे सारली. मुंगीने वहीचं पान उलटलं.

“वहिनी, म्हणजे हिची आजी, पिठाच्या गिरणीत कामाला होती. दुपारी पोराला झोपवायची, बाहेरून कडी लावायची आणि कामावर जायची. सगळ्याच करायच्या तसं. गिरणीत फोन नव्हता. माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं. भोंगा वाजला तरी त्या पोराला काय उपयोग? भोंगा काही कडी काढत नाही. मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि पळाले.”

ती पोचली, कडी काढली, झोपेतल्या पोराला खांद्यावर टाकलं. गिरणी दोन गल्ल्या पुढे होती. तिने तोंडाला हात लावून वहिनीला हाका मारल्या, पण चालू गिरणीत कुणाला काय ऐकू येणार? तिकडे जावं की पोराला घेऊन वर पळावं, हे ठरवायला तिला किती वेळ लागला ते तिला आठवत नव्हतं. ती वर पळाली. पाठीमागे आवाज आला तेव्हा तिने वळून बघितलं नाही.

“चौकशी समितीने मला एकच विचारलं. जागा सोडली होती का? हो की नाही, एवढंच सांगा. मी म्हटलं, हो.”

“पण का सोडली ते नाही सांगितलं?” चौकशीने विचारलं.

“त्यांनी विचारलं नाही. आणि चार वर्षांच्या पोराच्या माथी मी ते कशाला मारू? त्याच्यासाठी सव्वीस माणसं गेली, असं गावाने म्हटलं असतं. त्याला इथेच मोठं व्हायचं होतं ना.”

*

अस्सल कागद नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. मुख्याध्यापिकांचं पत्र, बाईंची सही, दोन हेलपाटे, असं करत एका दुपारी तिघं तिथे पोचली. तिथल्या काकांनी तोंडाला रुमाल बांधून, शिडीवर चढून, कापडात बांधलेलं एक गाठोडं खाली काढलं. “याला बेचाळीस वर्षांत तुम्हीच पहिले विचारताय,” ते शिंकत म्हणाले.

आत कॉलची नोंदवही होती. आत्याआजीचंच अक्षर, आता गणवेशाच्या मापांच्या वहीत दिसतं तेच, फक्त ताठ. २.१०, तलाव चौकी. २.१२, साहेब यांचे घर. २.१६, बंब. २.१९, साहेब. २.३१, साहेब. मग ओळीने नऊ नंबर. शेवटची नोंद २.४६. खाली सगळं पान कोरं.

“बघा, बघा!” वकील नाचायलाच लागला. “तीनदा! स्मरणिकेत यातलं अक्षरही नाही.”

मुंगी तोवर चौकशी समितीचा अहवाल वाचत होती. तिने दोघांना बोटाने खुणावलं. इंजिनिअर साहेबांचा जबाब होता. ‘मी तलावावर पोचलो. बांध जात असल्याचे दिसले. भोंगा वाजवण्याचा हुकूम देण्यासाठी २.५० वाजता चौकीवरून एक्स्चेंजला फोन केला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. म्हणून मी गाडीने स्वतः बंबखान्यात गेलो. भोंगा ३.०५ ला वाजला.’ त्याखाली चौकीदाराची साक्ष होती, तीही तशीच. पाणी खालच्या आळीत शिरलं ते तीन वाजून एक मिनिटाने.

“म्हणजे अकरा मिनिटं,” वकील हळूच म्हणाला. मग त्यालाच वाटलं, आपण हे मोठ्याने बोलायला नको होतं.

परत येताना चौकात मुंगी म्हणाली, “दोन पन्नासचं नको लिहायला. कुणाला कळणारे?”

“अर्धं लिहायचं आणि त्याला इतिहास म्हणायचं?” वकील म्हणाला, पण नेहमीसारखा तावातावाने नाही. “चौकशी, तुझी आजी आहे. तू सांग.”

चौकशीने घरी येऊन सरळ आत्याआजीलाच विचारलं. ती शिलाई मशीनवर कॉलर लावत होती.

“मला माहीत आहे ते. समितीत वाचून दाखवलं होतं.”

“खोटं असेल ना पण? स्वतःला वाचवायला?”

“नसावं,” ती दोरा दाताने तोडत म्हणाली. “माणूस आळशी होता, खोटारडा नव्हता. लिहा. अर्धं लिहाल तर त्यांनी केलं तेच तुम्ही केलंत.”

बाबा दारात उभे होते. “लिहा काय लिहायचं ते. पण मी त्यात नको. कडी, पोरगा, त्यातलं काही नको. मी खांबावरून जाताना आजही मान खाली घालतो. उद्या लोक मला बोट दाखवणार असतील तर मला दुकान बंद करावं लागेल. एवढं ऐक माझं.”

चौकशीने आत्याआजीकडे बघितलं. तिने मान हलवली. “त्याचं त्याने ठरवायचं. तो तेव्हा झोपलेला होता, त्याला काय विचारलं होतं कुणी?”

म्हणून मग मुंगीने आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘२.४७ वाजता घरगुती कारणाने ऑपरेटरने जागा सोडली.’ घरगुती कारण हे शब्द चौकशीने सुचवले होते. शाळेत उशिरा आल्याच्या चिठ्ठीत आई तेच लिहायची.

*

स्पर्धा नगरपालिकेच्या सभागृहात झाली. पंचवीस गट होते. या तिघांनी मोठा तक्ता केला होता, वर घड्याळ आणि खाली मिनिटामिनिटाला काय झालं ते. वकील बोलला, मुंगीने कागदांच्या प्रती दाखवल्या, चौकशीने मुलाखतीतला तुकडा ऐकवला. आत्याआजीचा आवाज सभागृहात घुमला: “मी म्हटलं, हो.” परीक्षकांपैकी एक बाई डोळे पुसत होत्या. मुलांना पहिलं बक्षीस मिळालं, ढाल मिळाली. इतिहासाच्या बाईंना आनंदाने काय करावं ते सुचेना, त्यांनी तिघांना एकेक केळं दिलं.

एका वार्ताहराने तक्त्याचा फोटो काढला आणि आत्याआजीचं नाव विचारलं. चौकशीने सांगितलं. इतके दिवस ‘ऑपरेटर’ होती, आता तिला तिचं नाव तरी मिळेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठा मथळा होता: ‘‘हो, मी जागा सोडली!’’ त्याच्या खाली: ‘बेचाळीस वर्षांनी ऑपरेटरची कबुली. भोंग्याचा हुकूम आला तेव्हा घरगुती कारणाने गायब. सातवीच्या मुलांनी लावला छडा.’ आत्याआजीचं नाव ठळक अक्षरात होतं. तीन फोनांचा उल्लेख आतल्या पानावर शेवटच्या परिच्छेदात होता आणि नऊ फोन तर कुठेच नव्हते.

बाबांनी पेपर घडी घालून गल्ल्याखाली ठेवला. संध्याकाळपर्यंत ती बातमी सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरत होती.

“मी दुरुस्त करून आणते,” चौकशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तिघं बाईंना घेऊन पेपरच्या कचेरीत गेली. संपादकांनी त्यांना खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं.

“यात चूक काय आहे ते सांगा,” ते शांतपणे म्हणाले. “जागा सोडली होती ना? हुकूम आला होता ना? घरगुती कारण हा शब्द तुमचाच आहे ना?”

वकील उठून उभा राहिला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “निदान खुलासा तरी छापा.”

खुलासा छापला त्यांनी. चार दिवसांनी, सहाव्या पानावर, ‘हरवले आहे’च्या खाली, चार ओळी.

*

दुकानावर दगड वगैरे कुणी मारले नाहीत. तेवढं कुणी वाईट नव्हतं. लोक फक्त यायचे थांबले. काहींनी दुरुस्तीला टाकलेले चष्मे तसेच परत नेले, “घाई नव्हती म्हणा, पण असू दे.” गणवेश शिवायला देणाऱ्या शाळेने या वर्षी दुसरीकडे द्यायचं ठरवलंय असं कळवलं. समोरची म्हातारी, जी रोज जिन्यात आत्याआजीशी दहा मिनिटं गुडघ्यांवर बोलायची, ती आता दार वाजलं की आपलं दार लोटून घ्यायची.

आणि मग माणसं घरी यायला लागली. पहिला आला तो बसचा कंडक्टर. पन्नाशीचा असेल. ड्यूटीवरून तसाच आलेला, खांद्याला तिकिटांची पिशवी. चौकशीनेच दार उघडलं. तो आत येऊन खुर्चीच्या काठावर बसला.

“खांबावर अकरावं नाव माझ्या आईचं आहे,” तो आत्याआजीला म्हणाला. “गिरणीत होती. मी शाळेत होतो. शाळेत कुणाचा तरी फोन आला आणि मास्तरांनी आम्हाला टेकडीवर नेलं. मला एवढंच विचारायचंय, अकरा मिनिटांत गिरणीतून टेकडीवर पोचता येतं का हो?”

“पोचता येतं,” आत्याआजी म्हणाली. “पळत सात मिनिटं.”

शाळेतला तो फोनही हिचाच होता, हे चौकशीच्या ओठांवर आलं होतं. आत्याआजीने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

कंडक्टरने ओरडावं, शिव्या द्याव्यात असं चौकशीला वाटत होतं. म्हणजे मग तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण तो नुसता बसून राहिला. “मी रोज बसमध्ये हजार माणसांशी भांडतो,” तो म्हणाला. “इथे येताना ठरवून आलो होतो काय काय बोलायचं ते. आता काही आठवत नाही.”

तेवढ्यात बाबा आतून आले. सदऱ्याचं वरचं बटण लावत होते, जणू साहेबापुढे जायचंय. “घरगुती कारण म्हणजे मी,” ते म्हणाले. “बाहेरून कडी लावलेल्या घरात झोपलेला होतो. माझी आईही तुमच्या आईबरोबर गिरणीतच होती. पोरांनी हे लिहिलं नाही, कारण मी त्यांना लिहू दिलं नाही.”

कंडक्टरने त्यांच्याकडे बघितलं.

“किती वर्षांचे होतात?”

“चार.”

“मी नऊ,” कंडक्टर म्हणाला. मग तो उठला, पिशवी सावरली आणि गेला. त्याला काय वाटलं, त्याने माफ केलं की नाही, हे कुणालाच कळलं नाही. बहुधा त्यालाही.

त्यानंतर आठवडाभर रोज कुणी ना कुणी येत होतं. आईने सुचवलं की काही दिवस माझ्या माहेरी जाऊ या. आत्याआजी म्हणाली, “तेव्हा मी जागा सोडली, आता नाही सोडणार,” आणि येईल त्याला आत बोलावत राहिली, ऐकत राहिली. मात्र तिची भूक गेली. रात्री ती झोपायची नाही, हे चौकशीला भिंतीपलीकडच्या खोकण्यावरून समजायचं.

बाबा एकदा दुकान बंद करून पेपरच्या कचेरीत जाऊन आले. आपली हकीकत छापा म्हणाले. संपादक म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर बातमी होती. आता लोक म्हणतील, घरचे सारवासारव करतायत. तुमचंच हसं होईल.” बाबांनी हे घरी जसंच्या तसं सांगितलं आणि चौकशीकडे न बघता म्हणाले, “तुझी चूक नाही यात. माझी आहे.” त्याने तिला बरं वाटायला हवं होतं.

*

यानंतर जे झालं ते कुणी वाईट हेतूने केलं नाही, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. नगराध्यक्षांना मुलांचं कौतुक करायचं होतं. खांबाच्या पायथ्याशी एक नवा दगड बसवायचा, त्यावर घटनेची थोडक्यात हकीकत कोरायची, खाली ‘शालेय विद्यार्थ्यांच्या संशोधनावर आधारित’ असं लिहायचं आणि अनावरणाला तिन्ही मुलांना मंचावर बसवायचं, असं ठरलं. मजकूर स्मरणिका आणि वर्तमानपत्र समोर ठेवून कुणा कारकुनाने केला. मुख्याध्यापिकांनी वर्गात येऊन ही बातमी सांगितली तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

वकिलाने पत्ता काढला आणि तिघं पाथरवटाकडे गेली. दगड लाकडी घोडीवर आडवा होता, अर्धा कोरून झालेला. पाथरवट गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर बघत छिन्नी चालवत होता. मुंगीने मोठ्याने वाचलं: ‘वेळीच इशारा देता आला असता, परंतु ऑपरेटर जागेवर नसल्याने...’

“काका, थांबा,” चौकशी म्हणाली. “हे पूर्ण खरं नाही.”

“खोटं आहे?”

“खोटं नाही. पण तिने साहेबांना तीनदा फोन केला होता. नऊ जणांना सांगून माणसं बाहेर काढली होती. एवढं तरी घाला ना.”

त्याने छिन्नी खाली ठेवली, कपाळावरची भुकटी पुसली. त्याला मुलांची दया आली होती, ते दिसत होतं. “पोरी, मला कागदावर जे येतं ते मी कोरतो. जागा किती उरलीय बघ. दोन ओळींची. तीत ‘संशोधनावर आधारित’ बसवायचंय. कचेरीतून दुसरा कागद आणा, मी रात्र जागून दुसरा दगड करतो. पण कागद हवा. दगडावर खोडरबर चालत नाही.”

नगरपालिकेच्या कचेरीत गेल्यावर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मजकूर बदलायचा अधिकार फक्त मुख्याधिकाऱ्यांना आहे आणि ते सोमवारी रजेवरून येतील. अनावरण रविवारी होतं. अर्ज मात्र त्यांनी घेतला, त्यावर शिक्का मारला आणि पोच दिली. मुंगीने त्या अर्जात नऊच्या नऊ नंबर वेळांसकट लिहिले होते. इतिहासाच्या बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या, तिथून नगराध्यक्षांकडे. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “मला म्हणाले, बाई, तुम्हीच शिकवलंत ना मुलांना सत्य शोधायला? मग आता सत्य का लपवता?” एवढं सांगून त्या रिकाम्या वर्गात मुलांच्या बाकावर बसल्या. “मी तुम्हाला पुरावा कसा गोळा करायचा ते शिकवलं,” त्या म्हणाल्या. “पुढचं मलाच येत नाही रे.”

तिघांनी ठरवलं की जायचंच नाही. पण आत्याआजी म्हणाली, “मी जाणार आहे. तुम्ही नाही आलात तर मला एकटीला उभं राहावं लागेल.”

रविवारी सकाळी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. आत्याआजी सगळ्यात मागच्या रांगेत बसली, आई तिच्या शेजारी. बाबा आले नाहीत, दुकान उघडून बसले होते. पडदा बाजूला झाला. टाळ्या झाल्या. मुलांना पुढे बोलावलं, फोटोसाठी दगडाच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. वकिलाच्या हातात कुणीतरी माइक दिला. “दोन शब्द बोल बाळा.”

“तिने तीनदा फोन केला होता,” वकील म्हणाला. त्याचा आवाज नुकताच फुटायला लागला होता, तो मधेच चिरकला. “दोन बाराला, दोन एकोणीसला, दोन एकतीसला. आणि नंतर नऊ जणांना. ते दगडावर नाही. आणि ती पळाली ते...” त्याने चौकशीकडे बघितलं. चौकशीने माइक घेतला आणि म्हणाली, “आत एक मुलगा कोंडलेला होता. त्याला काढायला पळाली.”

मग नगराध्यक्ष पुढे झाले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बघा, किती बारकाईने अभ्यास केलाय मुलांनी,” ते म्हणाले, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात.

गर्दी पांगल्यावर आत्याआजी उठून दगडाजवळ आली. चष्मा लावून तिने सगळा मजकूर वाचला, एकदा मनात, एकदा ओठ हलवत. मुंगी रडत होती. आत्याआजीने तिला जवळ घेतलं. “अक्षर चांगलं काढलंय त्याने,” ती म्हणाली. “तुझ्याइतकं नाही.”

चौकशीने रस्त्यात विचारलं, “आजी, तू तीन मिनिटं आणखी थांबली असतीस तर?”

“तर तुझा बाप कदाचित नसता. तूही नसतीस. आणि खांबावर कदाचित दोनच नावं असती, वहिनीचं आणि त्याचं, कदाचित एकही नाही.” ती थोडं थांबून श्वास घेऊन पुढे चालू लागली. “याचं उत्तर मला येत असतं तर कधीच सांगितलं असतं ग.”

त्या दोघी दुकानाशी आल्या. आई औषधं आणायला मागे थांबली होती. दुकानात कुणीही नव्हतं. बाबा एक काच फडक्याने पुसत बसले होते, जी आधीच स्वच्छ होती.

“काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

चौकशीने सांगितलं. तिला पाठ झालं होतं, एकही शब्द न गाळता तिने म्हणून दाखवलं.

“मी आहे का कुठे?”

“नाही.”

“नऊ फोन?”

“नाही.”

बाबांनी मान हलवली. काच डब्यात ठेवली, दुसरी घेतली.

“जेवलास का?” आत्याआजीने विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. डबा कोपऱ्यात तसाच होता, सकाळी आईने बांधून दिला होता तसा. आत्याआजीने तो पाहिला. चौकशीने स्टूल ओढलं आणि ती दोघांच्या मधे बसली.